चढावर गाडीला धाप का लागते? ठाणे आणि नवी मुंबईतील कारमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातून नाशिककडे निघालेल्या गाडीच्या वाटेत कसारा घाट येतो, पुण्याकडे जाणारीला बोरघाट चढावा लागतो आणि कल्याणमार्गे जुन्नरकडे जाणारीसमोर माळशेज उभा असतो. एरवी घोडबंदर रस्त्यावर किंवा पाम बीच मार्गावर कोणतीही तक्रार न करणारी गाडी या ठिकाणी अचानक मंदावते, मागचे ट्रक हॉर्न वाजवू लागतात आणि घरी परतल्यावर मालक प्रत्येकाला विचारत फिरतो की नेमके काय बिघडले असावे. अशा वेळी जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

सपाट रस्त्यावर ठणठणीत असलेली गाडी चढावरच का बसते?

सपाट रस्त्यावर गाडी आपल्या इंजिनाच्या क्षमतेचा फार थोडा भाग वापरत असते, त्यामुळे तिथे दोष झाकला जातो. माणसे आणि सामान धरून १,५०० किलो वजनाची गाडी घेतली आणि ती ताशी ६० किलोमीटर वेगाने, दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नेली, तर केवळ ते वजन वर उचलण्यासाठी सुमारे १२ किलोवॉट, म्हणजे साधारण १६ अश्वशक्ती लागते. त्याच वेगाने सपाटीवर लहान गाडीचे काम पाच-सहा किलोवॉटमध्ये भागते. म्हणजे चढ लागताच इंजिनाकडून तिप्पट काम मागितले जाते, आणि त्यासाठी त्याला तेवढ्याच पटीत हवा आणि इंधन आत घ्यावे लागते व तेवढाच धूर बाहेर टाकावा लागतो. फिल्टर अर्धा चोंदलेला असेल, पंप थकलेला असेल किंवा सायलेन्सरच्या वाटेत अडथळा असेल, तर तो या वाढलेल्या मागणीच्या वेळीच उघडा पडतो. म्हणूनच गॅरेजच्या दारात उभ्या गाडीला दोनदा रेस देऊन ‘इंजिन एकदम मस्त आहे’ असे सांगणाऱ्यावर विसंबून राहू नये.

दोष गाडीत आहे की माझ्या चालवण्यात?

हा प्रश्न कोणी स्वतःहून विचारत नाही, परंतु तो आधी विचारायला हवा. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या १ किंवा १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, बहुधा ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास मिळतो. मायलेजच्या काळजीने चौथ्या गियरमध्ये १,६०० आरपीएमवर चढ चढू पाहणाऱ्या चालकाला ती शक्ती मिळणारच नाही. चढ सुरू होण्याआधीच गियर उतरवावा, आरपीएम ३,००० च्या वर ठेवावेत आणि आवाज वाढला म्हणून घाबरू नये. इंजिनाला उंच आवाजापेक्षा वरच्या गियरमध्ये धडधडत ओढणे अधिक त्रासदायक असते. एसी बंद केल्याने लहान गाडीला जाणवण्याइतका फरक पडतो. पाच माणसे, डिकीत सामान आणि चाकांत कमी हवा असेल, तर नवी गाडीसुद्धा कुरकुर करील.

उंचीवर हवा विरळ होते, त्याचा हा परिणाम नाही का?

अंशतः आहे. टर्बो नसलेले इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का शक्ती गमावते, त्यामुळे ६०० मीटरहून थोड्या अधिक उंचीवरील लोणावळ्यात ही घट सहा-सात टक्के भरते. मात्र घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीतच गाडी दमत असेल, तर दोष उंचीवर ढकलता येणार नाही.

गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी मी स्वतः काय करावे?

घराजवळचा एक चढ ठरवून घ्यावा आणि प्रत्येक चाचणी त्याच चढावर करावी. ठाणेकरांना उपवनहून येऊरला जाणारा रस्ता आहे, बेलापूरकरांना पारसिक टेकडीचा रस्ता आहे. दोन्ही ठिकाणी भल्या सकाळी गर्दी नसते, तरी फिरायला निघालेली माणसे असतात, हे ध्यानात ठेवून वेग माफक ठेवावा. गायमुखचा चढ मात्र या कामासाठी निवडू नये, कारण तेथील वाहतुकीत गाडीची चाचणी होण्याऐवजी क्लचची आणि आपल्या संयमाचीच परीक्षा होते.

ठरलेल्या खुणेपासून ठरलेल्या वेगाने, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गियरमध्ये, एसी बंद ठेवून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. शेजारी बसलेल्या माणसाने आरपीएम, वेग, तापमानाचा काटा आणि चेक इंजिनचा दिवा यांची नोंद करावी. ही नोंद दुरुस्तीनंतर पुन्हा उपयोगी पडते, कारण गाडी ‘आता बरी वाटते’ आणि गाडी ‘त्याच खुणेपर्यंत पूर्वी ३८ च्या वेगाने पोहोचत होती, आता ५२ ने पोहोचते’ या दोन विधानांत फार अंतर आहे.

नोंदीतून बहुधा पुढीलपैकी एखादे चित्र समोर येते. आरपीएम झपाट्याने वर जातात आणि वेग मात्र वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरत आहे. आरपीएमही वाढत नाहीत आणि कोणीतरी मागून दोरीने ओढून धरल्यासारखे वाटते, तर हवेची किंवा धुराची वाट अडलेली आहे, नाहीतर संगणकाने गाडीला सुरक्षित मर्यादेत, म्हणजे लिम्प मोडमध्ये टाकले आहे. गाडी झटके देत मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन अधूनमधून पेटतच नसेल, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलकडे बोट जाते. अशा स्थितीत गाडी रेटू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि काही शेकड्यांच्या प्लगपायी कित्येक हजारांचा भाग वितळतो. आणि सुरुवातीला गाडी नीट चढून काही मिनिटांनी मान टाकत असेल, थोडे थांबल्यावर पुन्हा नीट चालत असेल, तर इंधनपुरवठा किंवा तापल्यावर दगा देणारी कॉइल यांचा संशय घ्यावा.

माझी गाडी सीएनजीवर चालते. तपासणी वेगळी असते का?

वेगळी असते आणि एका अर्थाने सोपीही असते, कारण सीएनजी गाडीच्या मालकाकडे एकाच गाडीत दोन इंधने असतात.

प्रथम अपेक्षा योग्य ठेवावी. वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये येताना हवेची जागा व्यापते, त्यामुळे निर्दोष गाडीचीही शक्ती पेट्रोलच्या तुलनेत सुमारे १० ते १५ टक्के कमी असते. १ लिटर इंजिनाच्या वॅगन-आरची शक्ती पेट्रोलवर सुमारे ६७ पीएस आणि सीएनजीवर सुमारे ५७ पीएस आहे. त्यात डिकीतील पोलादी टाकीचे वजन येते. इतका फरक हा दोष नव्हे, आणि घाट लागण्यापूर्वी बटण दाबून पेट्रोलवर जाण्यात कोणताही कमीपणा नाही.

फरक याहून मोठा वाटत असेल, तर त्याच चढावर एकदा सीएनजीवर आणि लगेच एकदा पेट्रोलवर गाडी न्यावी. दोन्हींवर सारखीच मरगळ असेल तर दोष दोघांच्या सामायिक भागात आहे, म्हणजे एअर फिल्टर, क्लच, सायलेन्सरची वाट, ब्रेक किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशन. पेट्रोलवर गाडी उत्तम चढते आणि गॅसवरच अडखळते, तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर या क्रमाने पाहावे. टाकीत सुमारे २०० बारपर्यंत असलेला दाब रेग्युलेटर उतरवतो. दाब उतरताना गॅस थंड होतो, म्हणून इंजिनाचे गरम पाणी रेग्युलेटरमधून फिरवलेले असते. कूलंट कमी असेल तर रेग्युलेटर गारठतो आणि नेमका जास्त गॅस लागतो त्या वेळी पुरवठा आटतो.

येथे एक फसवी जागा आहे. गॅसचे मिश्रण पेटवण्यासाठी स्पार्कला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर चढ लागला की हार मानतो. गॅसवरच गाडी अडते म्हणून गॅसकिट उघडून बसण्याआधी प्लग बदलून पाहावेत. उलट, पेट्रोलवरच गाडी अडत असेल, तर वर्षभर जेमतेम वापरलेले आणि टाकीत शिळे झालेले पेट्रोल, पेट्रोल पंप व इंजेक्टर पाहावेत. सीएनजीवाल्यांची टाकी नेहमी रिझर्व्हवर असते. चढावर उरलेसुरले पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकते आणि पंप अधूनमधून हवा ओढतो, हेही लक्षात घ्यावे.

स्कॅनर लावल्यावर दोष लगेच कळतो ना?

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, संशयित दाखवतो, गुन्हेगार नव्हे. पी०१७१ हा कोड मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे सांगतो, परंतु त्याचे कारण थकलेला पंप, चोंदलेला फिल्टर, हवेची गळती किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. पी०३०० म्हणजे मिसिंग, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा, पी००८७ म्हणजे इंधन रेलमधील दाब कमी. कोडच्या नावाचा भाग थेट बदलून टाकणे ही आपल्याकडील सर्वांत महागडी सवय आहे. शिवाय चढावर दमणाऱ्या कितीतरी गाड्यांत एकही कोड साठलेला नसतो.

खरे काम चालू गाडीतील आकडे करतात. गाडीच्या संगणकाला जोडला जाणारा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी अॅडॉप्टर आणि मोबाइलवरील अॅप यांतून ते दिसतात, मात्र ते पाहण्याचे काम शेजारी बसणाऱ्याकडे द्यावे. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत पूर्ण रेस दिल्यावर मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतील) दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास, म्हणजे ठाण्यात साधारण १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. तो बराच खाली राहिला, तर हवा आत येण्याच्या वाटेतच अडथळा आहे. दाब पूर्ण येतो आणि तरीही शक्ती नाही, तर बाहेर जाण्याच्या वाटेकडे किंवा इंधनाकडे पाहावे. त्याच वेळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नंतरचा नव्हे, तर आधीचा ऑक्सिजन सेन्सर पाहावा. साध्या प्रकारच्या सेन्सरचा आकडा पूर्ण रेसला ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढायला हवा. तो ०.१ च्या आसपासच घोटाळत राहिला, तर इंजिन उपाशी आहे, म्हणजे इंधन पुरेसे पोहोचत नाही.

हे मला उशिरा समजले. माझी जुनी पेट्रोल गाडी एका पावसाळ्यात कसाऱ्यात दमू लागली, तेव्हा एका गॅरेजने आधी प्लग, मग पेट्रोल पंप बदलला आणि शेवटी क्लच प्लेटचा खर्च सांगितला. एअर फिल्टर काढून पाहिला होता आणि तो स्वच्छ होता. पुढे एका मित्राच्या स्कॅनरवर पूर्ण रेसला दाब ८० च्या आत दिसला, म्हणून आम्ही फिल्टरच्याही आधीची, हेडलाइटच्या मागे दडलेली प्लास्टिकची नळी काढली. सोसायटीच्या पार्किंगमधील उंदराने त्यात कापूस, फोम आणि कोणाच्या तरी पायमोज्याचा तुकडा कोंबून घर केले होते. सपाटीवर लागणारी हवा त्या घरातून झिरपत होती, घाटातली नव्हे. पावसाळ्यात तळघरातील पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही नळी एकदा काढून पाहावी, त्याला एक स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटे पुरतात.

इंधनपुरवठा कमी पडतो आहे हे खात्रीने कसे ओळखावे?

दाब मोजून, आणि तोही भार असताना. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये असलेल्या बहुसंख्य पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. उभ्या गाडीत दाब योग्य येतो आणि जोरात रेस दिल्यावर घसरतो, हे चोंदलेल्या फिल्टरचे किंवा थकलेल्या पंपाचे लक्षण आहे. पंप बदलण्यापूर्वी त्याला मिळणारे व्होल्टेज तपासावे. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टर गंजतात आणि चांगला पंप केवळ कमी विजेमुळे मंद फिरतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत फिल्टर टाकीतील पंपालाच जोडलेला असतो, तेव्हा ‘माझ्या गाडीला पेट्रोल फिल्टरच नाही’ असा समज करून घेऊ नये.

जुन्या गाडीत एक बिनखर्ची चाचणी करता येते. गाडी मंदावल्यावर सुरक्षित जागी थांबून टाकीचे झाकण उघडावे. आत हवा ओढली गेल्याचा मोठा आवाज आला आणि त्यानंतर गाडी काही वेळ नीट चालली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बंद झालेली आहे.

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे हे होत असेल का?

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज काहीसे घटते, परंतु आधुनिक गाडीचा संगणक इंधन वाढवून त्याची भरपाई करतो आणि केवळ या कारणाने गाडी चढावर बसत नाही. ज्या गाडीचा पंप किंवा फिल्टर आधीच काठावर आहे, तिथे हे वाढीव इंधन पुरवता येत नाही आणि दोष लवकर समोर येतो. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीबद्दल अधिक सावध राहावे.

सायलेन्सर चोक झाला आहे, असे मेकॅनिक म्हणतो. विश्वास ठेवावा का?

मोजून दाखवल्यास ठेवावा. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावला, तर २,५०० आरपीएमला मागचा दाब साधारण ०.२ बारच्या आत राहायला हवा. व्हॅक्यूम मापक असेल, तर वाट चोंदलेली असल्यास तेच आरपीएम स्थिर धरल्यावर काटा हळूहळू खाली सरकत जातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खुळखुळ वाजले, तर आतील सिरॅमिकची जाळी फुटलेली आहे. तो भाग बहुधा आपोआप बिघडत नाही. जुने मिसिंग, ऑइल जाळणारे इंजिन किंवा तापलेली गाडी साचलेल्या पाण्यात घालणे यांतून तो जातो, म्हणून मूळ कारण न शोधता नवा बसवला तर तोही जाईल. आतील जाळी काढून मोकळा पाइप ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बेकायदा आहे, आणि धूर शेवटी आपल्याच गल्लीत राहतो.

क्लच घसरतो आहे का, हे कसे पाहावे?

मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये ताशी ४० च्या आसपास असताना पूर्ण रेस द्यावी. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग जागीच राहिला, तर क्लच प्लेट संपली आहे. जळल्याचा वास त्याला दुजोरा देतो. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याच्या सवयीने ठाण्यातील क्लच लवकर संपतात. त्याऐवजी हँडब्रेक लावावा. प्लेट बदलताना क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल गळत नाही ना, हे त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण त्यासाठी गियरबॉक्स पुन्हा उतरवणे कोणालाच परवडत नाही.

डिझेल गाडीत काय वेगळे पाहावे?

काळा धूर आणि शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज असेल, तर टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप फाटलेला किंवा क्लॅम्पमधून निसटलेला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. टर्बोच गेला असे ठरवण्याआधी हा पाइप हाताने चाचपून पाहावा. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळोवेळी काढावे. थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला तरी गाडी मंदावते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला स्वच्छ करतो, पण त्यासाठी गाडी १५-२० मिनिटे एकसारख्या वेगाने चालावी लागते. माजिवडा ते ऐरोली अशी रोज थांबत-थांबत जाणारी गाडी ती संधी कधीच देत नाही. दिवा लागल्यावर दुर्लक्ष केले, तर संगणक शक्ती कमी करतो. पहिल्याच दिव्याला भल्या सकाळी नाशिक महामार्गावर भिवंडीच्या पुढे एक फेरी मारून आल्यास बहुतेक वेळा काम भागते.

ब्रेक जॅम असल्यामुळे गाडी चढत नाही, असे होऊ शकते का?

होऊ शकते. काही किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न वापरता गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एकच चाक जास्त तापलेले असेल, तर त्याचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारा भाग, अडकला आहे.

एएमटी गाडी चढावर झटके देते आणि मागे सरकते. हा दोष आहे का?

एएमटीमध्ये क्लच आणि गियर यंत्रणा स्वतःच हाताळते, त्यामुळे गियर बदलताना क्षणभर ओढ तुटणे हा त्या रचनेचा स्वभाव आहे. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गियर धरून चढावे. चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेक दाबूनच उभी करावी, अन्यथा आतील क्लच तापतो आणि इशारा देऊन गाडी थांबते.

घाटात मध्येच गाडी बसली तर काय करावे?

धोक्याचे दिवे लावून, वेग असेपर्यंतच डावीकडे, वळणापासून दूर गाडी घ्यावी. हँडब्रेक लावून, पहिल्या गियरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा, आणि निघताना तो दगड रस्त्यावरून आठवणीने काढावा, कारण कसाऱ्यात असे विसरलेले दगड रात्री दुचाकीस्वारांना आडवे करतात. तापमानाचा काटा वर असेल, तर रेडिएटरचे झाकण उघडू नये, किमान अर्धा तास थांबावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

गॅरेजमध्ये नेमके काय सांगावे?

‘पिकअप नाही’ एवढेच सांगू नये, कारण त्यावर सर्व्हिसिंग आणि इंजेक्टर सफाई यांचे बिल तेवढे येते. ‘तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण रेस देऊनही गाडी ४५ च्या पुढे जात नाही, आरपीएम २,३०० वर अडकतात, एसी बंद होता, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर सारखेच आहे, झटके नाहीत’ असे सांगावे. एवढ्या वाक्यातून क्लच आणि प्लग जवळजवळ बाद होतात. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच चढावर फेरी मारावी, बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तीच फेरी, तेवढीच माणसे गाडीत घेऊन पुन्हा करावी.